डिस्क कोण खातंय?

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कुणाशी मोकळेपणी बोलावं अशी परिस्थिती राहिलेली नाही, त्यामुळे स्वतःशीच बोलणं भाग आहे. वहीच्या कव्हरवर 'भूमिती, भाग दोन' असं लिहून ठेवलंय. कुणी उघडणार नाही.

हकिगत अशी. या डोळ्यांच्या हॉस्पिटलचा सगळा कारभार एका सर्व्हरवर चालतो आणि तो सर्व्हर माझ्या ताब्यात आहे. मी सिस्टीम विभागाचा प्रमुख. विभागात आम्ही दोघं, म्हणजे प्रमुख धरून. सर्व्हर दिसायला एक काळी पेटी, पण तिच्या आत अकरा मशिन्स राहतात. व्हर्च्युअल, म्हणजे आभासी. नोंदणीचं वेगळं, डोळ्यांच्या फोटोंचं वेगळं, औषधांचं वेगळं. प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र बंगल्यात राहतो. प्रत्यक्षात बिऱ्हाडं अकरा आणि नळ एक. नळ म्हणजे डिस्क. गेले काही दिवस या नळाला धारच नाही.

आज मोठ्या मॅडमनी बोलावलं. हॉस्पिटल त्यांचं, ऑपरेशनंही त्याच करतात. म्हणाल्या, पेशंटची बाहुली मोठी व्हावी म्हणून आपण थेंब घालतो, मग फोटो काढतो, आणि तो फोटो माझ्या स्क्रीनवर उघडेपर्यंत थेंबांचा असर उतरलेला असतो. पुन्हा थेंब. एक आजोबा सकाळपासून इतके थेंब घेऊन बसले होते की जाताना कोट टांगायच्या स्टँडला 'येतो हं डॉक्टर' म्हणून गेले.

मी म्हटलं, आठवड्याभरात छडा लावतो. त्या म्हणाल्या, तीन दिवसांत. मी म्हटलं, तेच म्हणतोय.

माझं मत स्वच्छ आहे. मशीन आपणहून स्लो होत नाही. मशीनला स्वभाव नसतो, माणसाला असतो. कुणीतरी डिस्क खातंय.

निश्चय: रोज लवकर उठणे. चहा दोनच वेळा. तपासाबद्दल कुणाकडे अवाक्षर न काढणे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

उशिरा जाग आली. हिने उठवलं नाही. विचारलं तर म्हणाली, तुम्ही कालपासून मला काहीच सांगत नाही, उठवायचंय हे मला कसं कळणार?

तपास सुरू. डिस्कचा ग्राफ उघडला. डिस्कला काम सांगितल्यावर ती ते किती वेळात करते, त्याची रेघ असते. हिरवी असावी. लाल आहे, आणि वर वर चालली आहे.

संशयित पहिला: कॅमेरावाला. डोळ्यांच्या आतले फोटो काढतो. सगळ्यात जड फायली त्याच्याच. कानात कायम इअरफोन. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, दिवसाला किती फोटो काढता? म्हणाला, डोळे येतील तितके. उत्तर टाळायची ही जुनी पद्धत आहे.

नंतर डिस्कचा वेग मोजला. एक भली मोठी फाईल डिस्कवर कॉपी केली. फार वेळ लागला. खात्री करायला पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा, जरा आणखी मोठी फाईल घेऊन. नेमका तेव्हाच नोंदणीच्या खिडकीवर आरडाओरडा झाला की कॉम्प्युटर पार बसला म्हणून.

याचा अर्थ उघड आहे. मी तपासायला घेतलं की जास्त स्लो होतं. मी तपासतोय हे कुणाला तरी कळतं.

टेस्टच्या फायली डिस्कवरच ठेवल्या आहेत. लागतील.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नवीबद्दल आजवर लिहिलं नाही. मुद्दामच. नवी म्हणजे विभागातला उरलेला अर्धा भाग. दोन महिन्यांपूर्वी आली. वेळेवर येते, वेळेवर जाते, टेबल स्वच्छ. अशा माणसांपासून सावध राहावं.

आज आपणहून माझ्या टेबलाशी आली. सर, अपडेटच्या आधी आपण सगळ्या मशिन्सचे स्नॅपशॉट घेतले होते, ते अजून तसेच आहेत. पुसायचे का?

स्नॅपशॉट म्हणजे मशीनचा त्या क्षणाचा फोटोच म्हणा. पुढे काही बिघडलं तर त्या क्षणाला परत जाता येतं. ती म्हणाली, एकदा फोटो घेतला की त्यानंतरचं सगळं लिखाण वेगळ्या फाईलीत साठत जातं, काहीही वाचायचं तर मशीनला दोन्हीकडे शोधावं लागतं, म्हणून कदाचित डिस्कवर ताण येत असेल.

शांतपणे ऐकून घेतलं. ऐकताना तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. पुसायची एवढी घाई का? चोरी झालेल्या घरात फरशी पुसायला आधी कोण धावतं?

तिला म्हटलं, विचार करतो. केला. पुसायचे तर नाहीतच, उलट रोज नवे घ्यायचे. काल मशीन कसं होतं, आज कसं आहे, मध्ये कुणी हात घातला, सगळं फोटोत येईल. पुरावा म्हणजे पुरावा.

ही युक्ती तिनेच नकळत हाती दिली. गुन्हेगार बोलतो तो असा.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मुदत संपली. मोठ्या मॅडमना निरोप पाठवला की तपास नाजूक टप्प्यावर आहे.

दुपारी नवीन धागा. सर्व्हरच्या खोलीला लागून धुलाईची खोली आहे. भिंतीला तळहात लावला तर भिंत थरथरतेय! पलीकडे साफसफाईच्या मावशींचं धुलाईचं मशीन. थरथरत्या भिंतीशेजारी डिस्क काय डोंबल काम करणार? तिकडे जाऊन मशीनचा प्लग काढला आणि वर कागद चिकटवला: 'तपास पूर्ण होईपर्यंत बंद. आज्ञेवरून.' मावशी म्हणाल्या, कुणाच्या? मी म्हटलं, ते गोपनीय आहे.

संध्याकाळच्या आत ऑपरेशनच्या खोलीतल्या धुतलेल्या चादरी संपल्या. मोठ्या मॅडम हिरव्या गाऊनमध्ये स्वतः जिना उतरून आल्या. कागद काढला, प्लग लावला, वर गेल्या.

मशीन बंद होतं तेवढा वेळही डिस्क स्लोच होती. म्हणून मावशी निर्दोष ठरत नाहीत. धक्का ओसरायला वेळ लागत असेल. नवी म्हणाली, सर, आपल्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप्स आहेत, थरथरीने तिला काय होणार?

तिला बरीच माहिती आहे. जरुरीपेक्षा जास्त.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सासूबाई आल्या. मोतीबिंदू. ऑपरेशन एकोणीस तारखेला, आमच्याच हॉस्पिटलात. ही म्हणाली, तुम्ही तिथे आहात म्हणून आई तयार झाली, नाहीतर दोन वर्षं टाळत होती. हे खरं असावं. मी असलो की माणसांना आधार वाटतो.

त्यांना घेऊन गेलो. डोळ्याच्या आत किती नंबरचं भिंग बसवायचं, ते मोजून सर्व्हरवर ठेवतात. त्याआधी थेंबांच्या खोलीतल्या बाकावर बसवलं. मी तासाभराने परत आलो तोवर सासूबाईंना हॉस्पिटलातल्या सगळ्यांची नातीगोती पाठ. कॅमेरावाल्याच्या बहिणीचं लग्न ठरत नाही, मावशींचा गुडघा दुखतो, नवी रोज दोन बस बदलून येते. मी इथे इतकी वर्षं आहे, मला यातलं काही माहीत नाही. कोणी सांगितलंच नाही. का?

मला पाहून त्या खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, हे आमचे जावई, इथे सगळ्यात मोठे. कॅमेरावाला हसला. ते हसू नोंदवून ठेवतो.

स्नॅपशॉट आता सकाळ संध्याकाळ.

सोमवार, १० फेब्रुवारी

डिस्क आणखी मंद. फोटो उघडायला लावून मोठ्या मॅडम मधल्या वेळात दुसरा पेशंट तपासून येतात. थेंबवाल्या सिस्टरना नवीन बाटल्या मागवाव्या लागल्या. बाकावर माणसं एकमेकांना पेपर वाचून दाखवायचा प्रयत्न करतात आणि कुणालाच वाचता येत नाही.

मोठं पाऊल उचललं. नवीचे सर्व्हरवरचे सगळे अधिकार काढून घेतले. सर्व्हर आता फक्त माझं ऐकतो. पासवर्डही रोज बदलणार. नवी विचारायला आली, सर, माझं लॉगिन चालत नाहीये. म्हटलं, बघतो. बघणार नाही.

स्नॅपशॉट हाताने घेण्यात वेळ जातो म्हणून एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली. आता दर तासाला अकराही मशिन्सचे फोटो आपोआप निघतात. स्क्रिप्ट पहिल्या फटक्यात चालली. वय झालं म्हणणाऱ्यांनी पाहावी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

धक्का.

जेवताना ही सहज म्हणाली, अहो, ते स्नॅपशॉट पुसून टाका ना.

घास हातातच राहिला. ही शाळेत भूगोल शिकवते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल तिने आजवर एकच प्रश्न विचारलाय, घरी कधी येणार. हा शब्द तिला कुणी शिकवला?

उलटतपासणी घेतली. तिने काही लपवलं नाही, हेच संशयास्पद. म्हणाली, तुमच्या ऑफिसातली ती मुलगी फोन करत होती. म्हणत होती, वहिनी, सर ऑफिसात माझं ऐकून घेत नाहीत, घरी तुमचं ऐकतील. मला हसूच आलं, पण पोरगी रडकुंडीला आली होती हो. पुसले तर काय बिघडतं?

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, पुसा म्हणते तर पुसा की. मी तर रोज पुसते. त्या चष्म्याबद्दल बोलत होत्या असं ही म्हणते. माझा अजून निर्णय झालेला नाही.

तात्पर्य: पाणी माझ्या घरातच मुरतंय. यापुढे घरात सर्व्हर हा विषय बंद, असं जाहीर केलं. ही म्हणाली, बरं झालं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सापळा. काल निघताना सर्व्हरच्या खोलीत दारापासून टाल्कम पावडर पसरून ठेवली, मग दिवे ठीक आहेत ना ते सर्व्हरपर्यंत जाऊन एकदा पाहून आलो. आज सकाळी आत गेलो आणि बघतो तर पावडरीत पावलं! स्पष्ट. दारापासून सर्व्हरपर्यंत जाणारी आणि सर्व्हरपासून दारापर्यंत येणारी.

माप घेतलं. माझ्या बुटाशी तंतोतंत जुळतं. टाचेची झीजसुद्धा.

म्हणजे माझ्यासारखेच बूट घेऊन, माझ्यासारखेच झिजवून, कुणीतरी आत येतंय. इतक्या थराला गोष्टी गेल्या असतील असं वाटलं नव्हतं.

त्याच सुमारास स्क्रीनवर पिवळी सूचना आली. डिस्कवरची जागा संपत आली आहे. अखेर! मी पहिल्या दिवसापासून काय म्हणत होतो? डिस्क कुणीतरी खातंय. आता मशीनच सांगतंय. आकडे काढून पाहिले. दर तासाला, बरोबर ठोक्यावर, जागा एकदम कमी होते. गुन्हेगार घड्याळ लावून काम करतो. हुशार आहे, पण ही शिस्तच त्याला नडणार.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ठोक्यावर हजर राहायचं ठरवलं. स्वेटर, मफलर घालून सर्व्हरच्या खोलीत रॅकच्या मागे उभा राहिलो. तिथे एसीची हवा थेट मानेवर येते. डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. अकरा वाजले आणि सर्व्हरचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले. आत कुणी नाही. दार बंद. बारा वाजता पुन्हा तेच.

म्हणजे हल्ला दुरून होतोय.

मावशी फरशी पुसायला आल्या आणि रॅकमागून मफलर गुंडाळलेलं डोकं बाहेर आलेलं पाहून एवढ्या जोरात किंचाळल्या की थेंबांच्या खोलीतले सगळे पेशंट उभे राहिले, आणि त्यांना काहीच नीट दिसत नसल्यामुळे एकमेकांवर आदळले. कॅमेरावाला पाणी घेऊन धावला. पाणी मावशींसाठी होतं. मला कुणी विचारलं नाही.

सर्दी झालीय.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मोठ्या मॅडमनी विचारलं, उद्या ऑपरेशनचा दिवस आहे. सगळ्यांचे भिंगाचे नंबर सर्व्हरवर आहेत. उद्या चालेल ना हो?

मी म्हटलं, मॅडम, उद्या पहिलं ऑपरेशन माझ्या सासूचं आहे. चालणार नाही तर काय! शिवाय उद्या दुपारपर्यंत तुमच्यासमोर नाव ठेवतो. त्यांनी मान डोलावली. विश्वासाची मान होती.

शेवटचा घाव घालायचा म्हणून स्क्रिप्ट बदलली. उद्या सकाळपासून फोटो दर पंधरा मिनिटांनी. हल्लेखोराला श्वास घ्यायला फुरसत मिळता कामा नये.

घरी सासूबाई देवासमोर बसाव्यात तशा खिडकीसमोर बसल्या होत्या. ही म्हणाली, घाबरलीय, तुम्ही दोन शब्द बोला. मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे ना. त्या म्हणाल्या, तेच तर. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज सगळं क्रमाने लिहायला हवं.

सकाळी ऑपरेशनची पेशंट मंडळी हिरव्या टोप्या घालून बाकावर ओळीने बसली होती. सासूबाई पहिल्या. सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब पडले आणि नोंदणीच्या खिडकीवरून आवाज आला, बंद पडलं. मग औषधांकडून. मग वरून. स्लो नाही. बंद. अकराही मशिन्स एकदम.

मोठ्या मॅडम खाली आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, कुठल्या डोळ्यात कुठलं भिंग घालायचं ते मला दिसत नाहीये. किती वेळ? मी म्हटलं, करतो. त्या तशाच उभ्या राहिल्या.

विचार करायला थेंबांच्या खोलीत जाऊन बसलो. बाकाचं टोक तेवढं मोकळं होतं, सासूबाईंच्या शेजारचं. थेंबांमुळे त्यांना मी म्हणजे एक धूसर ठिपका. त्यांनी ठिपक्याकडे वळून विचारलं, तुमचाही आजच का? मी खोकलो. त्या म्हणाल्या, घाबरू नका. मशीन बंद पडलंय म्हणे, पण माझे जावई इथेच असतात, ते करतील नीट. माणूस कामाचा आहे. फक्त कुणावर भरवसा ठेवत नाही बघा. आमच्याकडे मुक्कामाला आले तरी पाकीट उशाखाली घेऊन झोपतात. माझ्या लेकीने बरंच सांभाळून घेतलं. आता वाटतं, एकदा तरी पाकीट टेबलावर ठेवून झोपावं त्यांनी, किती बरी झोप लागेल.

मी पुन्हा नुसताच खोकलो. बोललो असतो तर आवाज ओळखला असता. त्यांनी माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, गार पडलाय हो हात तुमचा. होईल सगळं.

तिथून उठलो. (पाकिटाचं यांना कसं कळलं, हा प्रश्न वेगळा. उशी कुणीतरी उचलून पाहिलेली आहे.)

सर्व्हरच्या खोलीबाहेर नवी उभी होती. हात पाठीमागे बांधलेले. म्हणाली, सर, मी कशालाही हात लावत नाही. तुम्ही टाइप करा, मी फक्त सांगते.

आत गेलो. स्क्रीनवर लाल अक्षरं. डिस्क भरली. शब्दशः काठोकाठ, मशिन्सना एक अक्षर लिहायला जागा नाही, म्हणून ती जागच्या जागी थिजलेली. कशाने भरली ते उघडून पाहिलं. यादी खाली सरकवत गेलो, संपेचना. सगळे स्नॅपशॉट. सगळे ठोक्यावर घेतलेले. घेणाऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीत माझं नाव.

मी म्हटलं, कुणीतरी माझ्या नावाने घेतलेत.

ती म्हणाली, सर, तुमच्याच स्क्रिप्टने घेतलेत.

मी म्हटलं, मग ती स्क्रिप्ट कुणीतरी वाचलेली असणार.

तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, सर, आजी बाहेर थांबल्यात.

मी खुर्ची पुढे ओढली.

तिने सांगितलं, आधी स्क्रिप्ट बंद करा. केली. मग म्हणाली, फोटो मिटवायलासुद्धा डिस्कवर थोडी मोकळी जागा लागते, ती आधी करायला हवी, नकोशी एखादी मोठी फाईल आहे का? माझ्या टेस्टच्या फायली होत्या! तीनही! त्या उडवल्या आणि लागेल तेवढी जागा झाली. लागतील म्हणून मी त्या ठेवल्या होत्या, हे तिला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, हो सर. मग ती एकेक पायरी सांगत गेली आणि मी करत गेलो. एकेका मशीनचे फोटो मूळ फाईलीत मिसळत जायला संध्याकाळ होणार होती.

दरम्यान बाहेर कॅमेरावाल्याने डोकं चालवलं. भिंगाचा नंबर मोजणाऱ्या यंत्राला स्वतःचा एक छोटा पडदा असतो. त्याने सगळ्यांचे डोळे नव्याने मोजले, पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचला, सिस्टरनी तो पट्टीवर लिहून ज्याच्या त्याच्या टोपीवर चिकटवला, आणि वर मोठ्या मॅडमनी पुन्हा एकदा स्वतः ताडून पाहिला. ऑपरेशनं उशिरा झाली, पण सगळी झाली. सासूबाईंचं पहिलं.

संध्याकाळी अकराही मशिन्स उठली. ग्राफची रेघ हिरवी, जमिनीसरपट. नोंदणीवाली बाई म्हणाली, अय्या, क्लिक केलं की उघडतंय! नवी भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती.

थोडक्यात, आणीबाणीच्या वेळी सर्व्हर मी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केला. ती नुसती बोलत होती.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी काढली. त्यांनी एकेकाकडे नीट बघून घेतलं. हिला म्हणाल्या, किती गं केस पांढरे झाले तुझे. मला म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही दमलेले दिसता. मग छताच्या कोपऱ्यातलं जाळं दाखवलं, दाराच्या मागची धूळ दाखवली, माझ्या शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे ते दाखवलं. आमच्या घरात आता काहीही लपून राहणार नाही. विचार करायला हवा.

अहवाल लिहायला घेतलाय. विषय: सर्व्हरवरील हल्ला व तो परतवणे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मोठ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. नवी आधीच बसलेली होती. मी अहवाल वाचून दाखवला. मावशींची भिंत, कॅमेरावाल्याचं हसू, नवी केव्हा येते, केव्हा जाते, बुटांचं प्रकरण. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. ऐकताना दोनदा चष्मा काढून डोळे चोळले. भारावल्या असाव्यात.

मग म्हणाल्या, सर्व्हर उद्यापासून ही बघेल. किल्ली तिला द्या. मी म्हटलं, आणि मी?

त्या म्हणाल्या, तुम्ही इथले जुने आहात, तुम्हाला मी कुठे पाठवणार? कोण कुठे जातं, कोण कधी येतं, कुठल्या खोलीत काय चालतं, हे तुमच्याइतकं या इमारतीत कुणालाच ठाऊक नाही. त्याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे. सोमवारपासून तुम्ही चौकशी सांभाळा.

चौकशी! स्वतंत्र चौकशी विभाग. अशी गरज आहे हे मी कितीतरी दिवस मनात म्हणत होतो, त्यांनी नेमकं ओळखलं. सर्व्हरची हमाली गेली, वर बढती. किल्ली नवीला देताना मोठ्या मनाने म्हटलं, काही अडलं तर विचार. ती म्हणाली, हो सर. आणि सर, सांगू का, त्या दिवशी तुम्ही पटापट टाइप केलंत म्हणून निभावलं. ही मुलगी वाटते तितकी वाईट नाही. तरी तिचंही नाव यादीत ठेवलं आहे. विभाग निष्पक्ष असला पाहिजे.

रविवार, २३ फेब्रुवारी

हिला बातमी सांगितली. तिने विचारलं, कुठली चौकशी? म्हटलं, कुठली म्हणजे? सगळ्यांचीच. तिने कपाट उघडलं आणि म्हणाली, निळा शर्ट इस्त्री करून ठेवते. सासूबाईंनी त्या शर्टाचं बटण बदलून दिलं, सुईत दोरा स्वतः ओवला. तीनदा ओवून दाखवला.

निश्चय: उद्यापासून कमी बोलणे. नजर थंड ठेवणे. साक्षीदारांना आधी चहा देणे, त्याने माणूस सैल होतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

वेळेआधी पोचलो. नवा विभाग कुठल्या मजल्यावर, असं विचारलं. नवी मला मुख्य दारापाशी घेऊन गेली. दारातून आत आलं की समोर एक गोल काउंटर आहे. एक खुर्ची, एक फोन, पाण्याची बाटली. वर छताला साखळीने टांगलेली पाटी. चौकशी. खाली बाण.

नवी म्हणाली, खुर्ची वरखाली होते सर, हा दांडा ओढायचा. आणि गेली.

बसलो. ही जागा म्हणजे वरकरणी देखावा असणार, हे मी लगेच ओळखलं. दारातून येणारा जाणारा प्रत्येक माणूस इथून दिसतो. दुसऱ्या कुणाला दिली असती का?

पहिला माणूस दहाच्या सुमारास आला. काउंटर चाचपडत आला. विचारलं, बाथरूम कुठे आहे?

मी नजर थंड ठेवून विचारलं, तुम्हाला ते कशासाठी हवंय?

तो म्हणाला, अहो थेंब घातलेत, काही दिसत नाहीये, म्हणून विचारतोय.

उठलो. त्याचा हात धरला, पायरी आहे म्हणून सांगितलं, डावीकडून पाण्याच्या मशीनला वळसा घालून दारापर्यंत नेलं. तो आत गेला. मी बाहेर थांबलो. लक्ष ठेवायला.

बाहेर आल्यावर तो बरोबर माझ्याच दिशेला हात पुढे करून म्हणाला, अजून आहात का? फार बरं झालं. इथलेच का तुम्ही?

म्हटलं, हो. चौकशीला असतो.